डोळ्यांपर्यंत एकशे चौतीस

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षं क्रेनसमोर उभं राहून हाताने इशारे देणाऱ्या त्या बाईला साइटवर दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. उंची चार फूट नऊ इंच, आवाज मात्र चार मजले चढणारा. क्रेनचालक वर केबिनमध्ये बसतो, खालचं सगळं त्याला दिसत नाही. तो बघतो तिच्या हाताकडे, आणि हात सांगेल तसं वजन उचलतो, फिरवतो, उतरवतो. आवळलेली मूठ म्हणजे थांब, खाली केलेला तळवा म्हणजे उतरव. एवढ्या वर्षांत तिच्या इशाऱ्यावर कोणाला साधा ओरखडा आला नव्हता, आणि ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. नम्रपणा तिच्या वाट्याला जरा कमीच आला होता. मला विचाराल तर, ते बरंच झालं.

या खेपेचं काम होतं इस्पितळाचा नवा वॉर्ड. भिंती, खिडक्या, नळ, दिवे लावून कारखान्यातच तयार झालेल्या अठरा खोल्या ट्रेलरवरून यायच्या होत्या आणि एकीवर एक रचायच्या होत्या. जुनं इस्पितळ शेजारी चालूच राहणार, त्यामुळे अंगण चिंचोळं. म्हणून साहेबांनी आधी अख्खी साइट कॉम्प्युटरमध्ये उभी करून घेतली होती. डोळ्यांवर तो डब्यासारखा चष्मा चढवला की रिकाम्या ऑफिसातला माणूस थेट साइटवर. क्रेन, कुंपण, जनरेटर, सगळं जागच्या जागी.

"मावशी, हे लाल वर्तुळ म्हणजे तुमची जागा," ते चित्र बनवणारी इंजिनियर पोरगी म्हणाली. "खोली उतरताना नीट दिसतंय का बघा."

खोली खाली आली की ती हाताने सरळ करून खुंट्यांवर बसवायचं काम दोघांकडे होतं. ते एकमेकांचे साडू, आणि साइटवरही मोठा साडू, धाकटा साडू याच नावाने ओळखले जायचे. चित्रात त्यांच्या जागी दोन बाहुले उभे होते. लवंगीला दोघांची तोंडं स्वच्छ दिसली. चष्म्याने मळमळत होतं, पण तिने अंगठा वर केला. साहेब खूश झाले.

संध्याकाळी घरी रिकामा डबा फ्रीजवर ठेवायला म्हणून ती स्टुलावर चढली. फ्रीजच्या माथ्यावरची बोटभर धूळ दिसली आणि ती डबा हातात घेऊन तशीच थबकली. चष्म्यातून तिने जनरेटरचा माथा पाहिला होता, अगदी झाकणाच्या स्क्रूंसकट. आणि स्टुलाशिवाय तिने जन्मात कशाचा माथा पाहिला नव्हता!

"अहो, टेप आणा. मला मोजा."

"या वयात वाढलीस की काय?" नवऱ्याने विचारलं. तो शाळेची व्हॅन चालवायचा, दिवसभर पोरांची बडबड ऐकून घरी आला की त्याला थट्टेचा भारी उत्साह.

"डोक्यापर्यंत नको. डोळ्यांपर्यंत."

दाराच्या चौकटीशी उभं करून त्याने मोजलं. एकशे चौतीस सेंटीमीटर. "लग्नात सांगितलं होतं त्यापेक्षा कमी भरलीस," तो म्हणाला. एरवी तिने त्याला सोडला नसता. त्या दिवशी तिने नुसता आकडा तळहातावर लिहून घेतला.

सकाळी तिने इंजिनियर पोरीला आकडा सांगितला. पोरीने जीभ चावली. प्रोग्राममध्ये बघणाऱ्याचे डोळे आपोआप एकशे अडुसष्टवर असतात, आणि ते बदलायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने आकडा बदलला. लवंगीने पुन्हा चष्मा चढवला, लाल वर्तुळात उभी राहिली, आणि समोर जनरेटरची पिवळी भिंत. साडू, खुंट्या, काही काही दिसेना.

"जनरेटर काही हलणार नाही, इस्पितळाची वीज आहे त्यावर," साहेब म्हणाले. "बरं झालं, आत्ताच कळलं. तिथे शिडीला उभं करू. ताई, तुम्ही गेट सांभाळा."

शिडी म्हणजे सहा फूट दोन इंचांचा गडी. माणूस चांगला, पण इशारे द्यायला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. आणि गेट सांभाळायचं म्हणजे काय, तर शिट्टी फुंकत ट्रेलर आत घ्यायचे.  लवंगीला राग साहेबांचा कमी आणि स्वतःचा जास्त आला. काल अंगठा वर केलाच कसा मी?

"गेट सांभाळीन," ती म्हणाली. "पण आधी त्या बाहुल्यांना खाली बसवा."

"म्हणजे?"

"खुंटी भोकात बसवताना कोणी ताठ उभं राहतं का, साहेब? साडू गुडघ्यांवर असतात. तुमचे बाहुले लग्नाच्या फोटोला उभे राहिल्यासारखे उभे आहेत."

पोरीने बाहुले बसवले. शिडी चष्मा लावून वर्तुळात उभा राहिला, त्याने टाचा उंचावल्या, मान ताणली. "गेले कुठे दोघं?" त्याने विचारलं. खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"आणि त्यांना तुझा हात दिसतो का, ते कोण बघणार?" ती साहेबांकडे वळली. "तुम्हीच बघा. साडूच्या जागी."

दोन चष्मे होते, त्यामुळे साहेबांना सबब उरली नाही. कडक इस्त्रीच्या पँटीनिशी त्यांनी ऑफिसच्या फरशीवर गुडघे टेकले आणि मान वर करून इकडे तिकडे पाहिलं.

"शिडी, हात वर कर."

"केलाय, साहेब. दोन्ही केलेत."

साहेबांनी चष्मा काढला. "दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

लवंगीने टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा. "मला एक तास द्या," एवढंच ती म्हणाली. "जागा मी शोधते."

तासाचे अडीच तास झाले. एकेका जागी आपल्या उंचीवर उभं राहून बघायचं, मग साडूच्या जागी गुडघे टेकून उलट बघायचं, की पुढची जागा. चष्म्यात चार पावलं चाललं की पोटातलं तोंडाशी यायचं. तीनदा तिने कचऱ्याची बादली जवळ ओढली, तोंड धुतलं आणि पुन्हा चष्मा चढवला.

"मावशी, राहू दे, उद्या बघू," पोरगी काकुळतीला आली.

"उद्या काय नवं पोट मिळणार आहे मला? चल, पुढची जागा."

अकरावी जागा जुन्या इमारतीच्या भिंतीशी होती. नकाशात तिथे लाकडी ठोकळ्यांचा ढीग होता, तो पोरीने सहा पावलं सरकवला. तिथून हूक दिसत होता, खुंट्या दिसत होत्या, वाकलेले दोन्ही साडू दिसत होते. साडूच्या जागेवरून तिचा हातही दिसत होता.

"इथे तर कोणीही उभं राहिलं तरी चालेल," पोरगी बोलून गेली आणि तिने ओठ चावला. लवंगीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकाशावर नवीन वर्तुळ काढलं, त्यात तिचं नाव लिहिलं आणि शिट्टी शिडीच्या हातात दिली. शिडीने सुटकेचा श्वास टाकला.

खोल्या आल्या त्या दिवशी पहिल्या दोन अलगद बसल्या. तिसरी खुंट्यांपासून वीतभर वर असताना खोलीखाली टेकू म्हणून ठेवलेला एक लाकडी ठोकळा तिरका झाला. धाकट्या साडूने तो सरळ करायला हात आत घातला. सवयीने, काही विचार न करता. क्रेनचालकाला ते दिसणं शक्यच नव्हतं. मोठा साडू दुसऱ्या कोपऱ्यावर पाठमोरा होता.

लवंगीची मूठ आवळली गेली. खोली जागच्या जागी थांबली.

"हात काढ, मेल्या!" ती अशी ओरडली की जुन्या इस्पितळाच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

त्याने हात झटकन ओढून घेतला. दगडासारखा बसून तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली, थेट तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात उंच केले. दहाही बोटं पसरलेली. असा इशारा कोणत्याही नियमात नाही.

 आपण गेटवर असतो तर, हा विचार लवंगीच्या मनात आला आणि तिला जोराने रडावंसं वाटलं. पण वर केबिनमध्ये एक माणूस तिच्या मुठीकडे डोळे लावून बसला होता, आणि पंधरा खोल्या अजून रस्त्यात होत्या. धाकटा साडू बाजूला सरकला, हे तिने दोनदा पाहून घेतलं. मग तिने मूठ उघडली आणि तळवा खाली केला.