न प्यायलेला चहा

सिकलसेलच्या तपासणीला भाचीला, मंगलाला, घेऊन जाते तेव्हा डॉक्टर मॅडम हातात चहाचा पेला धरूनच बसलेल्या दिसतात. पीत मात्र कधी नाहीत. मला ती उधळपट्टी वाटायची.

"मावशी, गार हात लागला तरी मला दुखायला लागतं ना," मंगला म्हणाली, "म्हणून त्या आधी हात शेकून घेतात."

गारठ्यात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकतात. ही कळ कशी थांबवावी, यावर मॅडमचं वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. त्यातलं मला फारसं कळत नाही. पण इतकं मोठं शास्त्र शेवटी दुखऱ्या पाठीपर्यंत पोचतं ते एका तळहातातून, आणि तो तळहात आधी उबदार करून घ्यावा हे सुचायला नुसती हुशारी पुरत नसावी.

परवा निघताना मंगला म्हणाली, "मॅडम, चहा पार निवला."

"मला निवलेलाच आवडतो," त्या हसून म्हणाल्या. मग पेला बाजूला सारला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावण्याआधी दुसरा गरम चहा मागवला.