मी खोटी ठरवलेली बाटली

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मी तळवलीत एका खोलीत भाड्यानं राहायचो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी होती. सरबतं, गोळ्या, बिस्किटं यांना लागणारे इसेन्स आम्ही बनवायचो. माझं काम वास घेऊन माल पारखायचं. दोन वर्षांत नाक बऱ्यापैकी तयार झालं होतं, आणि नाकापेक्षा तोरा जास्त.

घरमालक काका गावचेच, पण उमेदीची वर्षं बोटीवरच्या पॅन्ट्रीत काढून आलेले. बोटीवर एका स्कॉटिश इंजिनियरला ताप भरला होता, तेव्हा काकांनी दहा दिवस त्याला पेज भरवली. निरोपाच्या वेळी त्यानं त्यांना व्हिस्कीची एक बाटली दिली. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. काका ते घेऊन माझ्या खोलीत यायचे आणि मी इंग्रजीत उत्तर लिहून द्यायचो. बायको बरी आहे, भात बरा झाला, मुलगी मोठी झाली, एवढाच मजकूर.

त्याच मुलीच्या साखरपुड्याला काकांनी ती बाटली उघडली. दुपारची वेळ, ओटीवर व्याही आणि त्यांचे सात-आठ भाऊबंद बसलेले. काकांनी पहिला पेला माझ्या हातात दिला.

"हा आमचा भाडेकरू. कंपनी याच्या नाकाला पगार देते. सांग रे सगल्यांना, माल कसा हाय?"

स्कॉच मी आयुष्यात दोनदा प्यालो होतो. चोरटी आलेली, फिक्या रंगाची, हलकी. ही कोऱ्या चहासारखी तांबूस होती. वास घेतला तर मनुका, सुकं अंजीर, अक्रोडाची साल, आणि मागून काडी ओढल्यावर येतो तसला जळका वास. हे सगळे वास कारखान्यातल्या माझ्या टेबलावरच्या बाटल्यांत होते. 'मला यातलं कळत नाही' असं म्हणता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"काका, तुम्हाला फसवलंय," मी म्हणालो. "हिच्यात जळकी साखर आणि मनुक्याचा इसेन्स घातलाय. असला माल आम्ही रोज बनवतो."

व्याही खदखदून हसले. "म्हंजे आमची हातभट्टी बरी म्हनायची!"

काकाही हसले. बूच लावून बाटली आत घेऊन गेले आणि कोणाला तरी बिअर आणायला पाठवलं. मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे लिहायला आजही हात अडतो.

त्या डिसेंबरात काका कार्ड घेऊन आले नाहीत. दुसरं कोणी लिहिणारं मिळालं असेल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. पुढे मी वाशीला राहायला गेलो.

चार-पाच वर्षांनी कंपनीनं आम्हाला शिकवायला एक परदेशी जाणकार बोलावला. त्यानं व्हिस्कीचे चार पेले मांडले. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, मग दोन थेंब पाणी घाला, पुन्हा घ्या, असं सांगितलं. तिसऱ्या पेल्याशी माझे कान तापले. मनुका, अंजीर, अक्रोड, ओढलेली काडी. जिभेवर संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ उरणारी कोरडी ऊब. शेरी नावाची वाइन ज्या पिंपात मुरते, त्याच पिंपात ही व्हिस्की ठेवतात, असं त्यानं समजावलं. रंग, वास सगळं त्या लाकडाचं.

रविवारी तळवलीला गेलो. काका ओटीवर वाल सोलत बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मी चाखली व्हती ती," ते म्हणाले. "बोटीवर, त्याच्याबरोबर. त्या दिवशी आत नेल्यावर घोटभर घेतली, चव तीच व्हती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू शिकलेला. माज्या जिभेला कोन इचारतो?"

बाटली त्यांनी त्याच संध्याकाळी खाडीत ओतली होती. नंतर आणखी तीन कार्डं आली, ती फोडलीसुद्धा नाहीत. स्वतःच्या जिभेपेक्षा माझा शब्द खरा मानून, माणूस खोटा निघाला, असं धरून बसले. मग कार्डं यायची थांबली.

"आता लिव त्याला," काका म्हणाले. "चूक माजी, असं लिव."

मी 'चूक माझी' असं लिहिलं. मागच्या बाजूला माझा वाशीचा पत्ता घातला. अडीच महिन्यांनी पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर तो माणूस राहत नव्हता.

त्यानंतर तळवलीला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "आलं काय उत्तर?"

"बाहेरदेशीचं टपाल, काका. वेळ लागतो."

आणखी दोनदा त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा मी हेच सांगितलं. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि मी तिकडे जाणं.