मुगाला मोड येईपर्यंत

माझा मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा त्याचं जेवण साध्या भातावर आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटांवर येऊन थांबलं होतं. हिरवं काही दिसलं की तो ओठ असे घट्ट मिटायचा की चमचा आत जायला फटच राहायची नाही. सदरमधल्या ऑफिसातून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला घरी पोचायची, आणि मग माझी दुसरी ड्युटी सुरू व्हायची. ताट घेऊन मी त्याच्या मागे, मोबाइलवर गाणी चालू, सासूबाई कोपऱ्यातून वाघाची गोष्ट सांगतायत, नवरा खिडकीत उभा राहून नसलेलं विमान दाखवतोय. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली माझी मुलगी आपलं आपलं जेवून घ्यायची आणि आम्हा तिघांचा तमाशा बघत बसायची.

एका संध्याकाळी मी हे सगळं थांबवलं. काही वाचून नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. मला पुरे झालं होतं. आलूचे पराठे करायचे होते, उकडलेले आलू गार झाले होते. मी स्वयंपाकघरात जमिनीवर चटई टाकली, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आलू ओतले, मुलाचे हात धुतले आणि त्याला समोर बसवून म्हटलं, "हे कुस्करून दे मला."

त्याने आधी एका बोटाने आलू दाबून पाहिला. मग दोन्ही मुठी आत घातल्या. ते पाहून मुलगीही येऊन बसली. आवाज ऐकून सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या.

"काहून वं, पोरायले कामाले लावलं?"

"जेवत नाही ना तो. काम तरी करू द्या."

"चार वर्साचा हाय तो. सारं घर भरवून ठेवीन."

घर भरलंच. आलू फरशीवर, चटईवर, मुलीच्या वेणीत. त्या रात्री पराठ्याचा एक तुकडाही त्याने तोंडात घातला नाही. पण सगळे जेवेपर्यंत तो ताटासमोर बसून राहिला आणि प्रत्येकाला सांगत राहिला, "हे मी केलं." इतका वेळ तो ताटासमोर बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तेवढं पुरलं. त्या दिवसानंतर ताट घेऊन मी कोणाच्याही मागे धावलेली नाही.

पुढे दर रविवारी माझा आणि मुलांचा असा तिघांचा स्वयंपाक ठरून गेला. मी नियम घातले. गॅस माझा. सुरी फक्त ताईची, तीही बोथट. आणि "खा" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही, आजीनेसुद्धा. हा शेवटचा नियम पाळणं सासूबाईंना सगळ्यात जड गेलं. त्या तोंडाला पदर लावून बसायच्या.

आम्ही वरणफळं केली. मुलीने वाटीच्या काठाने गोल कापले. मुलाने कणीक नुसती तोडून टाकली, आणि त्या तुकड्यांना तो हत्ती म्हणाला. आम्ही गोळाभात केला. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा भिजवून त्यात बारीक चिरलेला पालक घातला आणि दोघांच्या पुढ्यात ठेवला. मुलीचे गोळे लिंबाएवढे, एकसारखे. मुलाचे कोणते बोराएवढे, कोणते चपटे, कोणाला बोटांचे खळगे. भातावर वाफवून झाल्यावरही तो स्वतःचे गोळे ओळखायचा. असाच एकदा त्याने आपला एक गोळा उचलला, फोडला आणि अर्धा खाल्ला. पालकासकट. नवरा काहीतरी बोलणार होता. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं आणि भात वाढत राहिले, जसं काही झालंच नाही.

मुगाचं खूळ मुलीचं. शाळेत कापसावर चवळी रुजवून दाखवली होती, म्हणून तिला घरी मूग भिजवायचे होते. भिजवले, फडक्यात बांधले, मोड आले. मग त्या मुगाला जराशी वाफ देऊन त्यात काकडी, टमाटर, भाजलेले फल्लीदाणे, निंबू आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून आम्ही भेळ केली. सांबार निवडून द्यायचं काम मुलाचं. पानं एकीकडे, काड्या एकीकडे, चुकून एक काडी पानात गेली तर तो सगळं पुन्हा तपासायचा. मुलीचा हात या भेळीवर असा बसला की निंबू किती पिळायचं हे ती मला सांगायला लागली.

त्या वर्षी अशोक विजयादशमी जवळ आली तशी आमच्या घरी लेआउटमधल्या शेजारच्या बायकांची बैठक भरली. दीक्षाभूमीला येणारे लोक उमरेडकडून, भिवापूरकडून आमच्याच रस्त्याने येतात. ट्रॅक्टरवर, टेम्पोत, कितीतरी पायी. त्यांच्यासाठी आमच्या कोपऱ्यावर दरवर्षी पुरीभाजीचा आणि चहाचा स्टॉल लागतो, आणि त्याचा सगळा कारभार सासूबाईंकडे असतो. तेल किती, पीठ किती, कोण लाटणार, कोण तळणार, असं चाललं होतं. इतक्यात माझी मुलगी मध्ये येऊन उभी राहिली.

"आमची भेळपण ठेवा."

बायका हसल्या. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. "लोक लंबून येतात बेटा, भुकेजलेले राहतात. त्यायले पोटभर पाहिजे. मुगाच्या भेळीनं काय होते?"

"पुरी तेलाची असते आजी. तुलेच तर डॉक्टरनं नाही म्हटलं."

आता बायका जास्तच हसल्या. सासूबाईंना शुगर आहे आणि पुरी त्यांना सुटत नाही, हे साऱ्या लेआउटला ठाऊक होतं. सासूबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "ठेवा बापा. टेबलाच्या कोपऱ्यात ठेवा. पण करायचं तुम्हीच. मायले करायले लावाल तर नाही चालणार."

दोघं कामाला लागली. मोठ्या गंजात मूग भिजवले, उपसले, माझ्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात बांधले. मुलाला धीर निघेना. दर थोड्या वेळाने गाठोडं सोडून मोड आले का बघायचा, आणि तहान लागली असेल म्हणून वरून पेलाभर पाणी ओतायचा. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा दारातच आंबूस वास आला. मूग चिकट झाले होते, बोटाला तार येत होती.

मुलगी रडली नाही. ती भावावर ओरडली. तो रडला. "त्यायले प्यास लागली होती," तो हुंदके देत म्हणत राहिला.

"बाजारातून मोडाचे आणून देतो ना," नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "अजून वेळ आहे. पुन्हा भिजवू."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि दोघांना घेऊन इतवारीच्या बाजारात गेले. मूग आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळाले असते. पण बिघडलेली गोष्ट पुन्हा उभी करायची तर ती सुरुवातीपासून, स्वतःच्या हाताने, असं मला वाटलं. हातगाड्यांमधून अंग चोरत आम्ही धान्याच्या गल्लीत शिरलो. मुलगी पोत्यात हात घालून मूठभर मूग तळव्यावर पसरायची, फोलपटं दिसली की पुढच्या दुकानात. तिसऱ्या दुकानातले तिला पटले. परतताना पिशवी मुलाने धरली. ऑटोत ती मांडीवर घेऊन बसला आणि दोन्ही हात वर ठेवून होता.

या खेपेला गाठोडं मी उंच खुंटीला टांगलं. "त्याला एकट्याला राहू द्यायचं असतं," मुलाला सांगितलं, "झोपलेल्या बाळासारखं." तो खाली उभा राहून वर बघायचा, हात मागे बांधून. सकाळी फडकं सोडलं तर प्रत्येक दाण्याला पांढरी शेपटी.  तो नुसता हसत होता.

स्टॉलच्या दिवशी पहाटेपासून रस्ता भरून वाहत होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, ट्रॅक्टरमधून "जय भीम"चा आवाज. पुरीपुढे रांग लागली. टेबलाच्या कोपऱ्यात आमचं भेळीचं पातेलं आणि द्रोणांची चळत. तिकडे कोणी बघेना. मुलगी पुकारत होती, "मोडाची भेळ घ्या, मोडाची भेळ!" लोक हसून पुढे जात. मी मध्ये पडले नाही. पुऱ्या वाढत राहिले.

मग भिवापूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई टेबलाशी थांबल्या. सोबत आलेला त्यांचा मुलगा पुरीच्या रांगेत उभा होता. त्यांनी माझ्या मुलाला विचारलं, "काय होय रे बेटा?"

"मुगाची भेळ. मीनं सांबार निवडला."

"अरे वा! पण मले दात नाही ना राह्यले. हे कसं चावू?"

माझा मुलगा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. मग पळत सासूबाईंकडे गेला. "आजी, त्या आजीले दात नाही! मऊ पाहिजे!"

चहाला गर्दी होती, बायका कपांसाठी थांबल्या होत्या. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि छोट्या शेगडीवरचं चहाचं भांडं सरळ खाली उतरवलं. "थांबा वं जराशा," त्या बायकांना म्हणाल्या, आणि स्वतः गंजात बाजूला ठेवलेले मोडाचे मूग शिजायला टाकले. शिजल्यावर त्यांनी ते ताटात पसरून गार केले, नातवाचे हात धुतले आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्याने मुठींनी ते असे मेणासारखे कुस्करले की बघत राहावं. मुलीने मीठ घातलं, निंबू पिळलं. म्हाताऱ्या बाई खुर्चीवर बसल्या आणि द्रोण चाटूनपुसून रिकामा केला.

"आणखी हाय का?"

त्यांच्या मुलाने विचारलं, काय खाल्लं. त्यानेही मागितलं. मग त्यांच्या टेम्पोतल्या बाया आल्या. शुगरवाले आले, पुरी नको म्हणणारे आले, लहान लेकरं कडेवर घेतलेल्या आया मऊ मूग मागायला आल्या. एक बाई मुलीला विचारत होत्या, फडकं ओलं ठेवायचं की पिळून? आणि माझी मुलगी कमरेवर हात ठेवून सांगत होती. दुपारच्या आत पातेलं रिकामं झालं.

माझ्या मुलाने त्या दिवशी काय खाल्लं? पुरी. चार-पाच तरी. भेळीला त्याने तोंड लावलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की चहावाल्या बायका विचारायला लागल्या, काय झालं म्हणून.

मूग तो पुढच्या महिन्यात खायला लागला, एका साध्या मंगळवारी, कोणी न सांगता. आता तो सात वर्षांचा आहे. कारलं खात नाही, मीही खात नाही. पण बाकी जे शिजतं त्यात त्याचा हात असतो आणि मग ते पोटातही जातं. मला ओळखीच्या बायका विचारतात, पोरांना खायला कसं लावलं. मी सांगते, खायला नाही लावलं, करायला लावलं. पसारा होतो. रविवारची अर्धी दुपार जाते. पण पसारा फडक्याने पुसला जातो.

परवा थंडीतल्या ताज्या तुरीच्या शेंगा आणल्या. सासूबाई आणि दोघं पोरं अंगणात उन्हात बसून सोलत होती. मी आत कांदा चिरत होते. मुलगा आजीला सांगत होता, "आजी, भाजीत तेल कमी टाकायचं. आणि खा-खा नाही करायचं कोणाले."

"बरं बापा," त्या म्हणाल्या, आणि दोन कोवळे हिरवे दाणे त्याच्या तोंडात टाकले. त्याने ते चावले आणि हात पुढे केला.