तळ्याचं बिल

“एका तळ्यापायी राज्यमंत्रिपद लाथाडून राहिला का गा तू?” महादेवरावांनी चहा बशीत ओतला आणि न पिता तसाच ठेवला. “मुख्यमंत्री सायबानं साफ सांगितलं. शुक्रवारी बिल मागं घे, मार्चात शपथ घे. याच्याहून सोपं काय असते?”

“मी कुठं नाही म्हटलं, दादा?” आमदार बाबाराव म्हणाले.

“मग तोंड असं काहून केलं?”

बाबारावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराआड त्यांची बायको यमुताई कणीक मळत होती. महादेवराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्नाला एकवीस वर्षं होऊनही ती कधी त्यांच्यासमोर उभी राहून बोलली नव्हती. सक्करदऱ्याच्या त्या घरात भासऱ्यांना काही सांगायचं असलं की ती नवऱ्याला ऐकवायची, नवरा नसला तर भिंतीला.

“त्याइले सांगा,” आतून आवाज आला, “का यंदा तीन बिलं मागं घेऊन झाली. तीनदा मंत्रिपद भेटलं का?”

“तिले सांग,” महादेवराव भिंतीवर गरजले, “का आमदार तू आहे, ती नाही!”

ते खरंच होतं. यमुताई सातवी पास, कुहीजवळच्या एका खेड्यातली. बाबारावांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून बिलांचे मसुदे, पत्रं, भाषणं ती स्वच्छ लिहून द्यायची. लिहिता लिहिता वाचू लागली, आणि वाचता वाचता तिला प्रश्न पडू लागले. त्र्याहत्तर साल लागलं तेव्हा तिनं एक लांब वही घातली. कोणतं बिल, कधी मांडलं, चर्चेसाठी सोडतीच्या चिठ्ठीत नाव कधी निघालं, मंत्री काय बोलले.

पहिलं बिल दर मोठ्या गावाला सरकारी दाई देण्याचं. दुसरं बाजारातल्या ओट्यांवर भाजीवाल्या बायांचा हक्क राखण्याचं. तिसरं कोष्ट्यांच्या मागांना स्वस्त विजेचं. तिन्हींपुढे शेवटची ओळ एकच होती: मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावरून मागे घेतले.

विधानसभेतली रीतच ती. शुक्रवारी सदस्यानं आपलं बिल मांडायचं, मंत्र्यांनी त्याचा कळवळा वाखाणायचा, सरकार सहानुभूतीनं विचार करील असं म्हणायचं, सदस्यानं बिल मागे घ्यायचं, आणि मग दोघांनी मिळून चहाला जायचं. यात कोणाला वावगं वाटत नसे. यमुताईला मात्र आश्वासन म्हणजे काम होणार असं वाटलं होतं. तिनं वाट पाहिली. मग दाई कुठवर आली म्हणून मुंबईला कार्ड टाकलं. एकाला उत्तर नाही आलं, दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही.

आता हे चौथं. तिच्या माहेरचं तळं मासोळीसाठी लिलावात गेलं होतं. ठेकेदार पाणीही आपलंच समजू लागला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या राखणदारानं पाण्याला आलेल्या बायांचे पितळी गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, हिसकून घेतले. त्यात यमुताईच्या आईचा, अंजनाबाईचाही होता. मासोळी कोणाचीही असो, पाणी आधी गावाचं, एवढंच त्या बिलात होतं. यमुताईनं दोन ओळींत लिहिलं होतं. वकिलानं त्याची अशी दोन पानं केली की तिला आपलंच म्हणणं ओळखू येईना.

दार उघडलं. कणकेनं भरल्या हातांनी यमुताई बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण नजर थेट भासऱ्यांवर.

“तुमाले विचारते,” ती म्हणाली. “हे मंत्री झाल्यावर माझ्या मायचा गुंड परत येईन का?”

महादेवराव इतके चपापले की तेही तिच्याशी थेट बोलून गेले. “येईन ना! शपथ झाली का पहिलं काम तेच.”

“म्हंजे हेही आश्वासन.”

बाबारावांना हसू फुटलं. थोरल्या भावासमोर ते असे कधी हसले नव्हते. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, ते दबलं नाही, आणि महादेवराव चप्पल घालून निघून गेले.

शुक्रवारी यमुताई सायकलरिक्षानं विधानभवनात गेली आणि गॅलरीत बसली. हिवाळी अधिवेशनाचे, थंडीचे दिवस. मुंबई-पुण्याकडचे निम्मे सदस्य काटोलच्या संत्र्याच्या बगिच्यात नाहीतर रामटेकला. बाकं ओस होती. मंत्र्यांनी नेहमीसारखं बाबारावांचं कौतुक केलं, आश्वासन दिलं आणि खाली बसून फायलीची दोरी बांधायला घेतली.

बाबाराव उठले. खिशातून बायकोच्या अक्षरातला कागद काढला.

“अध्यक्षमहाराज, या वर्षी मला तीन आश्वासनं मिळाली. तारखांसह वाचतो.” त्यांनी वाचली. आधी विरोधी बाकांवर हशा झाला, मग तिसऱ्या तारखेला सत्ताधारी बाकांवरही. “म्हणून हे चौथं मी नम्रपणे परत करतो. बिल मागे घेत नाही. ते समितीकडे पाठवा आणि गावच्या बायांची साक्ष घ्या. माझी मतदानाची मागणी आहे.”

मंत्र्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. मतदान होईल असं कोणाच्या मनातच नव्हतं, त्यामुळे पक्षानं कोणाला थांबवूनही ठेवलं नव्हतं. घंटा वाजू लागली. प्रतोद माणसं शोधायला धावले. कँटीनमधून दोन सापडले, त्यातल्या एकाच्या हातात अजून भजं होतं. दारं बंद झाली. भंडाऱ्याकडचे, उमरेडकडचे सरकारी बाजूचे चार सदस्य बाबारावांसोबत उभे राहिले. तळी त्यांच्याही गावात होती.

बाजूने एकतीस. विरुद्ध अठ्ठावीस.

बाकं बडवल्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला. तिथे टाळ्या वाजवायला बंदी आहे हे यमुताईला ठाऊक नव्हतं. शिपायानं बोट ओठांवर ठेवलं, तोवर तिच्या वाजवून झाल्या होत्या.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कोणी संत्रा बर्फी आणली, कोणी हार. कुहीहून आलेल्या नत्थूजींनी बाबारावांना उचलायचा प्रयत्न केला आणि स्वतःच खाली बसले. माणसं पांगली तेव्हा महादेवराव कोपऱ्यात खुर्चीवर होते.

“सायबाचा निरोप आला,” ते म्हणाले. “मंत्रिपद गेलं.”

“गेलं तर गेलं, दादा,” बाबाराव म्हणाले. “बिल तर उभं आहे.”

“समितीत मारतीन ते. कोण येते साक्ष द्याले? ठेकेदाराच्या गावातली बाई समितीपुढं तोंड उघडन का?”

यमुताईनं बर्फीचं शेवटचं ताट उचललं, उरलेले तुकडे डब्यात भरले आणि झाकण लावलं.

“सोमवारी मी कुहीले चालली,” तिनं सांगितलं. “बाया गोळा करून समितीपुढं आणायच्या आहेत. महिना तरी लागन. तांदूळ निवडून ठेवला आहे. स्वयंपाकाचं तुम्ही दोघं भाऊ पाहून घ्या.”