हजेरी आणि बाळंतपणं

आमच्या कुवेतमधल्या कॉलेजातल्या विद्यार्थी साहाय्य केंद्राचं उद्घाटन झालं, तेव्हा मी तिथं बऱ्याच वर्षांपासून नोकरी करत होते. आधी त्या खोलीला नुसतं खोली म्हणत. मग तिला काचेचं दार बसलं, रिबन कापली गेली, पुस्तकाच्या आकाराचा केक आला. केकवर कॉलेजचं बोधचिन्ह होतं. ते कापायचं धाडस कोणाला होईना, म्हणून सगळ्यांनी केक कडेकडेने खाल्ला आणि बोधचिन्ह संध्याकाळपर्यंत टेबलावर एकटंच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच खुर्चीत बसून तेच काम पुढे सुरू केलं. ज्यांची हजेरी किंवा गुण घसरलेत अशा मुलांना बोलवायचं, नियमांचं पुस्तक दाखवायचं, आणि त्यांनी ते वाचलेलं नाही याचं आश्चर्य वाटल्यासारखं करायचं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हसऱ्या विद्यार्थ्यांचा फोटो आहे. त्यांतलं कोणीही आमच्या कॉलेजात कधी शिकलेलं नाही.

त्यातला एक नियम असा, की गैरहजेरी मर्यादेपर्यंत पोचली की पालकांना समक्ष बोलवायचं. मर्यादा ओलांडली तर परीक्षेला बसता येत नाही, मग विद्यार्थी कितीही हुशार असो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाडी फिरवायला निघून जाणारी एकोणीस वर्षांची पोरं होती.

एका सकाळी या नियमानुसार पालक हजर झाले. वय पंचविशीच्या आसपास, बँकेतला टाय, कडक इस्त्री. त्यांच्यामागून विद्यार्थिनी आली. पंचेचाळिशीची बाई, डोक्यावर ओढणी, प्लास्टिकच्या पिशवीत अकाउंटिंगचं जाडजूड पुस्तक.

"मॅडम, मी यांचा गार्डियन," तो म्हणाला.

"आणि या?"

"माझी अम्मी."

माणसं रत्नागिरीकडची, राहायला खैतानला. नवऱ्याचं फहाहीलला शिवणकामाचं दुकान. बारावी होताच लग्न होऊन ही इकडे आली. मुलं शिकून कामाला लागल्यावर तिने घरात जाहीर केलं, की आता माझा नंबर. प्रवेशाच्या वेळी पालक म्हणून कोणाचं नाव द्यायचं हा प्रश्न आला. नवरा दुकानात फोन उचलत नाही आणि उचलला तर इंग्रजी ऐकून ठेवून देतो. म्हणून तिने मुलाचं नाव दिलं. कॉलेजात कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. रकाना भरलेला होता.

"अम्मी, सांग मॅडमना. लेक्चरला का नव्हतीस?" पालक म्हणाले. ही संधी त्यांना आयुष्यात एकदाच मिळणार होती आणि ते ती वाया घालवणार नव्हते. "मी शाळा बुडवली होती तेव्हा प्रिन्सिपलसमोर हिने मला काय काय ऐकवलं होतं, मॅडम!"

"तू सिनेमाला गेलवतास," ती म्हणाली. "मी बाळंतपणाला गेले होते."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"कोणाकोणाच्या."

हळूहळू उलगडा झाला. हिच्या तालुक्यातल्या पोरी लग्न होऊन कुवेतला येतात. सासर गावी, माहेर गावी, इथे दोन खोल्या आणि कामावर गेलेला नवरा. दिवस भरत आले की हिला फोन येतो. दवाखान्यात चालेल इतकी अरबी हिला येते, नर्सा ओळखतात, आणि मुख्य म्हणजे ही घाबरत नाही. पण प्रसूतीच्या वॉर्डात नात्यातल्याच बाईला आत सोडतात. त्यामुळे ही दारावर सांगते, बहीण. सोबत राहिल्याचा कागद तिने दर वेळी मागून घेतला होता. सगळे कागद तिने माझ्यासमोर मांडले. प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकावर बहीण, आणि प्रत्येक बहिणीचा बाप वेगळा.

"तुम्हाला सख्ख्या बहिणी किती?"

"एकपण नाय. सगळे भाऊ."

नियमांच्या पुस्तकात भावंडाच्या आजारपणासाठी गैरहजेरी माफ आहे. मी म्हटलं, हे कागद हजेरीच्या समितीपुढे ठेवलेत तर एक तर सगळं माफ होईल, नाहीतर खोटी माहिती दिली म्हणून दुसराच नियम लागेल आणि कॉलेजच सुटेल. पालकांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "अम्मी, विचारलं तर बहिणीच म्हण."

"तू गप रे. पालक हायस तू."

समिती म्हणजे तीन डॉक्टर. आमच्या कॉलेजात सगळेच डॉक्टर आहेत आणि बाळंतपणात एकही उपयोगाचा नाही. अध्यक्ष वयस्क अरब गृहस्थ होते. त्यांच्याकडे बाईला मान द्यायचा तर थोरल्या मुलाची आई म्हणून हाक मारतात. त्यांनी तशी हाक मारली आणि तो थोरला मुलगा शेजारच्या खुर्चीत पालक म्हणून सावरून बसला. दुसऱ्या बाई गुणवत्ता विभागाच्या. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळ्या रंगाचं पेन असे. तिसरे गृहस्थ चहा घेत होते.

अध्यक्षांनी कागद एकामागून एक पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "या सगळ्या तुमच्या बहिणी?"

पालकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"गेटवर बहिणी होत्या," ती तिच्या दवाखान्यातल्या अरबीत म्हणाली. "तिथे दुसरं काय सांगितलं असतं तर पोरगी आत एकटी राहिली असती. इथे विचारलंत, तर नाय. इथे त्या माझ्या गावच्या."

अध्यक्षांना खोकला आला. तो खरा होता असं मला वाटत नाही.

गुणवत्ताबाईंनी हिरवं पेन उचललं. कॉलेजात समाजसेवेचा उपक्रम आहे, त्याखाली हे बसवता येईल का, अशी शक्यता त्यांनी मोठ्या मनाने मांडली. त्याच सत्रात काही मुलांनी एकसारखे टी-शर्ट घालून अबू हलीफाच्या किनाऱ्यावर कचरा उचलला होता आणि त्यांची गैरहजेरी माफ झाली होती. मी अबू हलीफालाच राहते. कचरा उचलला होता हे खरं. फोटोवाला उशिरा आला म्हणून त्यातला काही परत टाकून पुन्हा उचलला, हेही मी बाल्कनीतून पाहिलं होतं.

"मात्र उपक्रमाची पूर्वसूचना द्यावी लागते," बाई म्हणाल्या. "याची पूर्वसूचना होती का?"

मी तो प्रश्न तिला मराठीत नीट समजावला. तिने शांतपणे अरबीत उत्तर दिलं, "सगळ्यांना नऊ महिने आधी माहीत होतं."

आता चहावाले गृहस्थही खोकले.

निर्णय त्याच दिवशी लागला. दारावर सांगितलेल्या खोट्याबद्दल समितीला काही म्हणायचं नाही, ते दवाखान्याने पाहावं. आधीची गैरहजेरी माफ नाही, पण मर्यादा अजून ओलांडलेली नाही, इतकंच. यापुढे एकही तास चुकला, तर परीक्षा नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरून तोच विषय. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "पुढल्या वर्षाचे पैसे दुकानातून नाय निघायचे, मॅडम. यंदा झालं तर झालं." एरवी ती कशालाही "बघू" म्हणायची.

त्यानंतर ती येत राहिली. वाळूचं वादळ आलं त्या दिवशी वर्गात शिक्षक आणि ती एवढेच होते. शिक्षकांना तास रद्द करायचा होता. तिने त्यांना तो घ्यायला लावला, आणि हजेरीही. खैतानमधल्या पोरींनाही तिने सांगून ठेवलं होतं, की माझी परीक्षा होईपर्यंत जरा धीर धरा. ज्यांच्या हातात होतं त्यांनी धरला.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, तास सुरू व्हायच्या जरा आधी, ती माझ्या काचेच्या दाराबाहेर उभी दिसली. कानाला फोन, दुसऱ्या हातात ती पिशवी. मी दार उघडलं.

"कळा सुरू झाल्या तिला. नवी हाय, येऊन वर्ष नाय झालं. नवऱ्याने दवाखान्याच्या दारात आणलंन, पण तिथून पुढे एकटीच. रडत्येय नुसती."

"तुमच्या मुलाला पाठवा."

"पालकाला? त्याला बाहेर बाकड्यावर बसवतील आणि त्यालाच पाणी द्यावं लागेल." ती वळली. वर्ग डावीकडे होता, ती उजवीकडे निघाली होती.

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ असता तर मी गेलेच नसते. मी म्हटलं, "तुम्ही वर्गात जा. मी जाते."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इतक्या कसोशीने माझी पारख नोकरीच्या मुलाखतीतही झाली नव्हती.

"तुम्हाला जमेल?"

"काय करावं लागतं?"

"काय नाय. पाणी, खजूर, आणि हात द्यायचा धरायला. अंगठ्या काढून ठेवा, नायतर बोट सुजेल. आणि नर्सवर रागवू नका. तुमचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, मॅडम, माफ करा."

कार्यालयात मी बाहेर जाण्याचं कारण लिहिलं: विद्यार्थी साहाय्य. इतक्या वर्षांत त्या रकान्यात इतकं खरं मी कधी लिहिलं नव्हतं.

वॉर्डाच्या दारावरच्या बाईने मला विचारलं, कोण? मी पुण्याची, कपाळावर टिकली. आत झोपलेली पोर गुहागरकडची, नाव सांगताच कळावं अशी मुसलमान. मी म्हटलं, बहीण. तिने टिकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं. त्या दारातून तिने काय काय बहिणी जाताना पाहिल्या असतील!

पुढचं सगळं सांगत नाही. पोरगी माझा हात धरून आधी आईच्या नावाने रडली, मग नवऱ्याच्या नावाने आणि शेवटी माझ्या. मी बहुतेक वेळ "झालं, झालं" म्हणत होते. काहीही झालेलं नव्हतं. नर्सने मला दोनदा बाजूला सरकवलं आणि एकदा बसवून पाणी पाजलं.

दुपारी, शेवटच्या तासाआधीच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागे पोरांचा गलका.

"काय झालं?"

"मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

"रडली ना जोरात?"

"फार."

"आणि तुम्ही?"

"मी बसून आहे."

"बसा. ताठ बसा, म्हणजे चक्कर नाय येत." मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला, कोणालातरी ती म्हणाली, "येते रे, दार लावू नको, सरांना सांग आलेच," आणि फोन बंद झाला.