तणसाची ग्रीटिंग कार्डं

मी आणि माझा मोठा भाऊ वसंता दिवाळीला भेटलो की फराळाआधी कार्डांचे किस्से निघतात. एकानं सुरू केला की दुसरा म्हणतो, थांब, मधलं विसरलास. नातवंडांनी ते इतक्यांदा ऐकलेत की आता तीच आमच्या चुका काढतात.

सुरुवात झाली छप्पन साली. ऐन दिवाळीच्या तोंडावर राज्यं नव्यानं आखली गेली. आमचं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि आईचं माहेर, भंडारा, मुंबई राज्यात गेलं. आईला हे कुणी तरी नळावर सांगितलं. बाबा लाकडाच्या डेपोतून घरी आले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आता भावाकडे जायले परवानगी लागन का?"

बाबांनी परोपरीनं समजावलं, पण तिला काही पटेना. मग ते म्हणाले, आपण तुझ्या भावाला एक ग्रीटिंग पाठवू, पोचतं का पाहू. विकतचं कार्ड परवडणारं नव्हतं. कापडाच्या थानातून निघालेला पुठ्ठा होता, अंगणात नुकत्याच झोडलेल्या धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, होतं. बाबांनी काडी उभी चिरून चपटी केली, तर ती सोन्यासारखी चमकली. आईनं त्या काडीच्या पणत्या कापल्या, आम्ही भाताच्या पेजेनं चिकटवल्या.

मामाचं उत्तर आलं, कार्ड मिळालं. आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रस्ता तोच हाय."

*

पुढच्या वर्षापासून सगळ्या नातेवाइकांसाठी कार्डं होऊ लागली; वाती मात्र आईच लावायची. एकदा ती बाजेवर उन्हात वाळत घातली आणि आम्ही जेवायला बसलो. बाहेर आलो तर शेजाऱ्यांची गाय शांतपणे शेवटचं कार्ड चघळत उभी. वसंता रडायलाच लागला. बाबा काठी शोधू लागले. आईनं त्यांना अडवलं.

"तिचं काय चुकलं? आपणच तणीस मांडलं, वरून पेज लावली. तिले वाटलं, आपल्यासाठीच हाय."

मग आईनं गाईला हळदकुंकू लावलं, आणि आम्ही पुन्हा काड्या चिरायला बसलो.

*

आमची शाळा हिंदी. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. एका वर्षी वसंतानं मामाच्या कार्डावर स्वतःच्या मनानं एक ओळ वाढवली: 'माझी शिक्षा चांगली चालू आहे.'

चार दिवसांत मामा दारात उभा. गोंदियाला गाडी बदलून, अरुंद रुळांच्या छोट्या लाईनीनं, हातात चिवड्याचा डबा. पाणीही न घेता त्यानं विचारलं, "काय केलं पोरानं? मास्तर मारते का त्याले?"

मामानं कार्ड पुढे केलं. वसंता म्हणाला, "मामा, शिक्षा म्हणजे पढाई." मामा बाजेवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मंग चालू दे बाबू तुही शिक्षा."

आता आलाच होता, म्हणून राहिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आईला भाऊबीजेला भाऊ मिळाला. पुढच्या दिवाळीत वसंता कार्ड लिहायला बसला, तेव्हा आई त्याच्या कानाशी म्हणाली, "यंदाही तसंच लिही."

*

शेजारी मेश्राम काकू राहायच्या. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. दिवाळीचं कार्ड त्यांना द्यावं की नाही, याचा आईला प्रश्न पडला. ती सरळ जाऊन विचारून आली. काकू म्हणाल्या, काम देखणं आहे, पण आमचा सण वैशाखी पौर्णिमेला.

वैशाखापर्यंत आमचं तणीस काळं पडलं होतं. तेव्हा काकूच एक घमेलं घेऊन आल्या. त्यात पाण्यात कुजवलेली पिंपळपानं होती. हिरवं सारं गळून नुसती जाळी उरलेली. त्या दिवशी दोन्ही घरं आमच्या पडवीत बसली. पहिलं कार्ड तयार झालं ते काकूंनी आईच्या हातात ठेवलं. आई म्हणाली, आधी तुमच्या घरात लावा. काकू म्हणाल्या, "आमच्या घरचं हाय म्हणूनच तुमाले देऊन राह्यली."

ते जाळीचं पान अजून माझ्याकडे आहे.

*

मग बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नागपूरच्या दवाखान्यात, नेमकं दिवाळीत. दोन्ही डोळ्यांना पट्टी, मान हलवायची नाही. आम्ही घरी कार्ड केलं, काड्या नेहमीपेक्षा जाड ठेवल्या, पेजेऐवजी डिंक वापरला आणि गाडीत बसलो.

वाटेत आई खिडकीशी कार्ड मांडीवर घेऊन बसली होती. वॉर्डाच्या दाराशी येताच तिचा धीर सुटला. बाहेरच्या बाकावर ती पदर तोंडाशी धरून बसली आणि म्हणाली, माझा आवाज ऐकून ते घाबरतील, मी आले असं सांगू नका.

आम्ही दोघं आत गेलो. मी कार्ड बाबांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी विचारलं, आई कशी आहे. वसंता म्हणाला, बरी आहे, घरी आहे.

बाबांनी कार्डावरून बोटं फिरवली. एका पणतीवरून, दुसरीवरून, मग वातीवरून. तिथे बोट थांबलं. परत फिरवलं.

"डिंक वला हाय अजून," बाबा म्हणाले. "गाडीत लावली ही वात. बोलाव तिले आत."