विहिरीसाठी आलेले मासे

मी एकदा आरोग्य खात्याचे कर्मचारी तळून खाल्ले आहेत. एक-दोन नाही, चांगले ताटभर. हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून. वर पुन्हा "उरणच्या मासळीला तोड नाही हो," असं सर्टिफिकेटही दिलं आहे.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते, नुकतीच सासू झाले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. ती बाई आज मला रस्त्यात भेटली असती, तर मी दुसऱ्या फुटपाथवरून गेले असते.

नवीन पनवेलला आमची चार मजल्यांची सोसायटी. आवारात एक जुनी विहीर होती, इथे शेतं होती तेव्हाची. तिचं पाणी झाडांना आणि संडासाला. त्या वर्षी पाऊस संपला आणि तापाची साथ आली. दुसऱ्या मजल्यावर दोघांना मलेरिया, मागच्या बिल्डिंगमध्ये तिघांना. आणि आमच्या घरात सून, सहाव्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला मलेरिया होऊ देऊ नका. आईलाही धोका, बाळालाही." पुण्याहून विहीणबाईंचा रोज फोन. "पाठवून देता का तिला इकडे?" मी म्हणायचे, "का? इथे काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. डास तर मुळीच नव्हते कमी.

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. एका सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस घेऊन म्हणाले, "बुधवारी उरणहून बाई मासे घेऊन येईल. घेऊन ठेव." एवढंच. त्यांनी त्यातला 'गप्पी' हा शब्द गाळला. आमच्या घरात गप्पांचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून असेल.

बुधवारी बाई आली. चाळिशीची, कोळी, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात झाकणाचा कॅन. गळ्यात ओळखपत्र होतं म्हणे, पण ते पदराखाली आणि माझं लक्ष कॅनमध्ये.

"उरनवरून आलेय. मासे आनलेत."

"एवढेसे? अहो, हे मासे आहेत की माशांची पोरं?"

"एवडेच असतात हे. पन लय कामाचे."

"काय द्यायचं?"

"कायपन नाय. फुकट हायत."

उभ्या जन्मात मला कुण्या कोळणीने मासा फुकट दिला नव्हता. मला लगेच संशय आला. मी विचारलं, "ताजे आहेत ना?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "पवतायत, काकू."

मी पातेलं आणलं, तिने ते त्यात ओतले. "मी टाकू, का तुमी टाकताय? मला अजून नेऱ्याला जायचाय."

"मी टाकते की. तुम्ही कशाला?"

"पन संद्याकालच्या आत टाका हां. जास्त वेल ठेवलात तर फुकट जातील."

मला ती बाई फार आवडली. कोणती मासेवाली एवढी काळजी करते?

साफ करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तसेच्या तसे तळले, कुरकुरीत. वासाने सुनेला मळमळलं, ती दार लावून दहीभात खाऊन झोपली. बाळाने तिथेच शहाणपण दाखवलं. हे दुपारी आले, ताटावर बसले आणि खूश. "मांदेली का गं? फारच कोवळी." दोनदा घेतले. मग बोटं चाटता चाटता म्हणाले, "हां, ती उरणची बाई आली नाही का? विहिरीत सोडायला गप्पी मासे आणणार होती."

माझ्या तोंडात शेवटचा होता. मी तो गिळला. दुसरं काय करणार?

मग ह्यांनी, जे आधी सांगायचं ते सगळं, जेवणानंतर सांगितलं. हे मासे डासांची अंडी-अळ्या खातात. इकडे पनवेलला औषध फवारलं तरी ताप हटत नव्हता, तिकडे उरणला फवारलं तरी हटत नव्हता. कारण तिथली माणसं इथे कामाला, इथली तिथे बंदरावर आणि गोदामांत. सकाळी ताप घेऊन जायचे, संध्याकाळी घेऊन यायचे. शेवटी दोन्हीकडचे डॉक्टर एका टेबलाशी बसले. उरणकडे मासे वाढवायचं तळं होतं, आपल्याकडे रक्त तपासणारा हुशार माणूस आणि धुराचं मशीन. ठरलं असं, की उरणने मासे द्यायचे, पनवेलने माणूस आणि मशीन द्यायचं आणि फवारणी दोन्हीकडे एकाच दिवशी करायची.

"म्हणजे मी आणि शेजारीण मिक्सर आणि पुरणयंत्र वापरतो तसं," मी म्हटलं.

"हो. फक्त तू शेजारणीचं पुरणयंत्र खाल्लंस."

"तुम्ही दोनदा घेतलेत!"

सेक्रेटरीच्याच घरात हा प्रकार, म्हणून आम्ही दोघांनी गप्प बसायचं ठरवलं. तीस वर्षांच्या संसारात आमचं पहिल्यांदा एकमत झालं, ते हे.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली. मासे रुळले का बघायला. ह्यांना अचानक बँकेत काम निघालं. तिने दोरीला बांधलेली बालदी विहिरीत सोडली, वर ओढली आणि पाणी उन्हात धरलं. सुईच्या टोकाएवढ्या अळ्या त्यात वळवळत होत्या, दाटीवाटीने.

"मासे कुटं गेले?"

"खोल गेले असतील," मी म्हटलं. "नवी जागा ना. लाजत असतील."

"मासे लाजतात?"

"आपण नाही का, सासरी गेलो की आठवडाभर..."

"काकू, आटवड्यात पोरं व्हायची वेल झाली त्यांची. पोटुश्या मासोल्या निवडून आनलेल्या मी तुमच्यासाठी. तुमच्या घरात सून पोटुशी हाय, तुमचे सायेब बोललेले."

म्हणजे मी ताटभर पोटुश्या तळल्या होत्या.  आणि तरीसुद्धा मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "बघू, उद्या वर येतील."

मी वर घरात आले तर सून ऑक्टोबरच्या उकाड्यात रजई घेऊन पडलेली. दात वाजत होते. "आई, थंडी वाजतेय," म्हणाली. मी गॅलरीतून ओरडले. आरडाओरडा असा, की ती बाई तीन मजले धावत चढली.

ती आरोग्य खात्याचीच; पिशवीतून सुई काढून तिने सुनेचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरला, सुकवला, कागदात गुंडाळला. "आज बुदवार. तपासनारे सायेब आज उरनला बसतात. मी संद्याकाली नेते, उद्या सांगते."

"उद्या?" मी भडकले. "ताप इथे आणि आमचा माणूस उरणला?"

"आन आमचे मासे हितं," ती म्हणाली.

 मी चपला घातल्या. "मीपण येते. आत्ताच निघू."

ह्यांना बँकेतून बोलावून सुनेजवळ बसवलं आणि आम्ही दोघी उरणच्या बसमध्ये बसलो. ती काचपट्टी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पडाल हां, समोरची दांडी धरा." मी नाही धरली. देवाला काय काय कबूल करावं याची मी मनात उजळणी करत होते आणि दर वेळी गाडी त्या माशांपाशीच येऊन थांबत होती. द्रोणागिरीपाशी कंटेनरच्या रांगेत बस अडकली, तेव्हा मी बोलून टाकलं.

"ते मासे विहिरीत नाहीत. मी तळले."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. दोन ट्रेलर पुढे सरकले.

"सगले?"

"सगळे."

"पीट कसलं लावलंत?"

"तांदळाचं."

"रवा लावायचा." मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती पदर तोंडात कोंबून हसत होती. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "पन काकू, त्याच दिसी खरं कलवायचा. मी आज कॅन भरून घेऊनच आली असती."

मी काचपट्टी आणखी घट्ट धरली. 

दवाखान्याच्या मागच्या खोलीत पनवेलचा तो माणूस एक डोळा मिटून बसला होता. त्याने पट्टी रंगवली, सुकवली, भिंगाखाली सरकवली. मी त्याच्या कपाळावरची आठी बघत होते. आठी वाढली की माझा श्वास थांबायचा. नंतर कळलं, त्याला चष्म्याचा नंबर लागला होता.

"मलेरियाचे जंतू दिसत नाहीत," तो म्हणाला. "साधा ताप असेल. डॉक्टरांना दाखवा, आणि ताप उतरला नाही तर परत पट्टी घ्या."

"देव तुमचं भलं करो," मी म्हटलं. "पण पुन्हा एकदा बघता का?"

त्याने पुन्हा बघितलं. मी तिसऱ्यांदा म्हणणार होते, तेवढ्यात बाईने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

तळ्यावर तिने जाळीने मासे काढले, कॅन भरला, झाकणाला भोकं आहेत ना ते तपासलं. उजेड होता तोवर मला स्टँडवर आणून बसमध्ये बसवलं. मी कॅन मांडीवर घेतला. खिडकीतून तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. माझी तर काळजीच मिटली बघा."

 ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेव्हा ती खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "तुमची मिटली, बरा झाला, पन तुमच्या समोरच्या बांदकामावर पन एक पोर हाय, तिला सातवा लागलाय, चार दिस ताप हाय, आन सुईच्या भ्यानं ती मला पत्र्याच्या झोपडीत येव देत नाय, तर उद्या सकाली माज्यासंगं येऊन तिचा हात धराल काय, काकू?"